आलेख सपाट झाला म्हणजे नियम रुजलाच असं नाही: या चुका टाळा

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकात उभारलेल्या समाजात, सामाजिक संकेत (न लिहिलेले नियम) कसे रुजतात, यावर प्रोजेक्ट करणारी आमच्याकडची मुलं कोड दाखवायला येतात. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे संकेत मोडण्याचा आलेख सपाट दिसला की रन, म्हणजे चालू असलेलं मॉडेल, थांबवणं. ती मीही केली आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर मॉडेल बांधलं होतं. ४० शेतकरी एजंट (मॉडेलमधली स्वतः निर्णय घेणारी पात्रं), एकच पाट, रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत पाण्याची पाळी. पाळी मोडणाऱ्याला पाहणाऱ्याने अडवायचं, पण अडवणाऱ्यालाही भांडणाची झळ बसायची. फेरीअखेर जास्त पिकवणाऱ्याची नक्कल, अधूनमधून एखाद्याचा स्वभाव आपोआप बदलायचा. ३०० फेऱ्यांत पाळी मोडून होणारी पाणीचोरी शून्याजवळ आली. गावच्या शाळेत आलेख मांडला, तर मागून एक आजोबा म्हणाले, "चोरीच नाई होत म्हनता, तर मंग राखन कोन करते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री तेच मॉडेल २०,००० फेऱ्यांवर लावलं. सकाळी पाहतो तर पाटाच्या खालच्या टोकाच्या बांध्या (भातखाचरं) कोरड्या. चोरी क्वचित झाल्यावर अडवायला न जाणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं, उलट झळ वाचत होती. सगळे हळूहळू त्याच्यासारखे झाले. मग एक धीट एजंट निघाला, तेव्हा अडवायला कोणी उरलं नव्हतं.

दुखणं जुनं आहे. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८६ मध्ये मांडलं की, मोडणाऱ्याकडे काणाडोळा करणाऱ्यालाही शिक्षा असेल तर संकेत टिकतो. पण त्यांच्या मॉडेलमध्ये एजंट २०, पिढ्या १०० आणि रन ५ एवढेच होते. गालान आणि इझक्वियर्दो या संशोधकांनी २००५ मध्ये तेच मॉडेल पुन्हा बांधून खूप लांब चालवलं, तर संकेत ढासळण्याचाच कल दिसला. म्हणून मी आलेख सपाट झाल्यावर पन्नासपट पुढे जातो, ३० वेगवेगळ्या सीडवर (सीड म्हणजे रनमधले योगायोग ठरवणारा सुरुवातीचा आकडा), आणि चोरीच्या रेषेशेजारी अडवण्याच्या तयारीचीही रेष काढतो. "सर, उद्या सबमिशन आहे" हे कारण मी ऐकत नाही.

'चोरी केली तर वजा दहा' असं कोडमध्ये लिहून संकेत उगवला म्हणू नका. तो तुम्ही पेरला. शिक्षा कोणीतरी एजंटाने स्वतःची झळ सोसून द्यायला हवी.

दर फेरीत एजंटांचा क्रम पत्त्यांसारखा पिसा, नाहीतर तोच एजंट कायम पहिला. नेटलोगो या मॉडेल बांधायच्या सॉफ्टवेअरमधली 'आस्क' ही आज्ञा आपोआप पिसते, पायथॉनची साधी लूप पिसत नाही.

नुसत्या सरासरीवर विसंबू नका. वरचे तुडुंब आणि खालचे कोरडे असले तरी ती बरीच दिसते. मी पाटाच्या शेवटच्या बांधीचा आकडा आधी उघडतो.