छडीतली जुनी बासरी: पारख, वादन आणि निगा

चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर बासरी दडवलेली जुनी छडी दिसली, तर किंमत विचारण्यापूर्वी तिची मूठ आणि शेंबी (खालच्या टोकाची धातूची टोपी) यांमधला भाग उजेडात नीट पाहावा. अशा छड्यांचे ठळक प्रकार दोन आहेत: आडवी धरून फुंकण्याची बासरी आणि मूठ काढून टोकाकडून शिट्टीसारखी वाजवण्याचे चाकान. हे चाकान १८०७च्या सुमारास हंगेरी आणि व्हिएन्ना येथे लोकप्रिय होऊ लागले.

नळी बहुधा छडीच्या टोकापर्यंत पोकळ नसते. त्यामुळे बोटांच्या छिद्रांखाली स्वर बाहेर पडण्यासाठी एखादे जादा छिद्र ठेवलेले आढळते. तसे काहीच नसेल, तर साध्या छडीला मागाहून भोके पाडल्याचा संशय घ्यावा. वापराने छिद्रांच्या कडा गुळगुळीत होतात, उलट ताज्या भोकाच्या आत लाकूड फिकट आणि खरखरीत दिसते. मूठ हस्तिदंताची वाटल्यास व्यवहारात पडू नये, कारण १९७२चा वन्यजीव कायदा तिथे आड येतो.

सहा छिद्रे आणि एक चावी (जादा छिद्राची उघडझाप करणारी कळ) असलेली ‘डी’ स्वराची आडवी बासरी मिळाली, तर आपल्या बासरीवादकाला ती फारशी परकी वाटत नाही. वरची तीन छिद्रे बंद ठेवून निघणारा स्वर षड्ज मानला की ती पांढरी पाचची (हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीची) होते आणि सगळी छिद्रे उघडताच तीव्र मध्यम मिळतो. जुन्या बासरीची पट्टी, म्हणजे स्वराची उंची, आजच्यापेक्षा उतरलेली असू शकते. म्हणून हार्मोनियमशी जुळवण्यासाठी छिद्रे कानशीने घासणे हा माझ्या मते निव्वळ अडाणीपणा आहे.

बराच काळ न वाजलेले लाकूड श्वासाच्या दमटपणाने आतून फुगते, बाहेरून मात्र कोरडेच राहते आणि या ताणाने त्याला तडा जातो. सुरुवातीला रोज पाच-दहा मिनिटेच वाजवावे आणि लगेच मऊ सुती कापडाने नळी आतून पुसावी. पावसाळ्यात सांधा अडकल्यास पक्कड लावू नये. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत काही दिवस ठेवल्यास तो बहुधा आपोआप सैल होतो. बदामाच्या तेलाचा अगदी पातळ हात नळीला पुरतो, मात्र चावीच्या चामडी गादीला तेल लागू देऊ नये. आणि वातानुकूलित खोलीतून काढलेली छडी मुंबईच्या दमट हवेत लगेच फुंकू नये, तिला आधी तासभर पेटीतच राहू द्यावे.