मिशेल गोंद्रीसारखा व्हिडिओ करायचाय? आधी मात्रा मोजा

इचलकरंजीत आमचं घर मागाच्या शेडला लागून होतं. रात्री वीज गेली की माग थांबायचे आणि त्या शांततेनं आम्ही भावंडं जागी व्हायचो. धोटा मागात इकडून तिकडे धावत आडवं सूत टाकतो, त्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या आई भरायची, आबा भजनी मंडळात ढोलकीवर असायचे. गाणं आधी बोटांवर मोजायचं आणि मग ऐकायचं, ही सवय मला त्या घरानं लावली.

आता मी एडिटिंग करते. आमच्या भागातल्या गायकांची गाणी असतात, बजेट तुटपुंजं असतं. या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकानं. त्याचा केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीसाठी केलेला ‘स्टार गिटार’ (२००२) मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा व्हिडिओ होईपर्यंत मला वाटत होतं, ही तर नुसती आगगाडीची खिडकी आहे. मग लक्षात आलं की खांब ठोक्यावर येतोय. कारखाना, पूल, शेजारच्या रुळावरचे डबे, सगळं गाण्यातल्या कुठल्या ना कुठल्या आवाजाबरोबर येतंय आणि तो आवाज थांबला की जातंय. मी तो लगेच तीनदा पाहिला.

गोंद्रीचा जन्म १९६३ चा, व्हर्सायचा. दिग्दर्शक होण्याआधी तो ‘उई उई’ नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि त्या बँडचे व्हिडिओही स्वतःच करायचा. त्यातलं काम पाहून आइसलँडची गायिका ब्योर्क हिनं त्याला बोलावलं आणि १९९३ मध्ये ‘ह्यूमन बिहेवियर’ झाला. तो वाजवणारा माणूस आहे, हे मला त्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याची नक्कल करणारे बहुतेक जण पुठ्ठ्याची घरं, लेगोचे ठोकळे, कापसाचे ढग उचलतात. ते दिसायला गोड असतं, पण गाणं बदललं तरी तेच व्हिडिओ चालून जातात. गोंद्रीचा व्हिडिओ दुसऱ्या गाण्याला चिकटवून बघा, पाच सेकंदांत विस्कटतो.

त्याची ओळख मी अशी सांगेन: गाण्यातल्या प्रत्येक आवाजाला तो एक देह देतो आणि तो देह त्या आवाजाशी शेवटपर्यंत इमान राखतो. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये (१९९७) हे अगदी उघड दिसतं. यंत्रमानव म्हणजे गाणारा आवाज, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन, जलतरणपटूंसारख्या पोशाखातल्या मुली म्हणजे कीबोर्ड. बास, म्हणजे खालचा जाड सूर, खाली-वर होतो तसे खेळाडू पायऱ्या चढतात-उतरतात. नृत्य ब्लांका लीनं बसवलं होतं. कॅमेरा बराच वेळ मागे राहून सगळा गोल रंगमंच दाखवतो, म्हणून आपण हवं ते वाद्य डोळ्यांनी निवडून ऐकू शकतो. एकदा फक्त सांगाड्यांकडे बघत हे गाणं ऐका. गिटार आधी कधी ऐकलीच नव्हती असं वाटेल.

आता आपलं काम. गाणं मिळालं की पहिले दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावू नका. चौकटीची वही घ्या. आडवी एक चौकट म्हणजे एक मात्रा, म्हणजेच एक ठोका, उभ्या रांगेत एकेक वाद्य. आठ मात्रांवर जाड रेघ मारा. मग हेडफोन लावून एका वेळी एकच वाद्य ऐका आणि जिथं ते वाजतं तिथं टिंब द्या. संगीतकाराकडे प्रत्येक वाद्याचे वेगवेगळे ट्रॅक मागा, बहुतेक जण आनंदानं देतात. चार मिनिटांच्या गाण्याला माझे दोन दिवस जातात आणि मला ते या कामातले सगळ्यात आवडते दिवस वाटतात.

वही भरली की आवाजांना देह शोधायचे. सांगाडे आणि यंत्रमानव गोंद्रीपाशीच राहू देत. तुमच्या गल्लीत काय हलतं ते बघा आणि आवाजाच्या आकाराशी जुळवा. तुटक आवाजाला अचानक दिसणारी वस्तू लागते, लांब सुराला सरकणारी किंवा उलगडणारी. गेल्या वर्षी केलेल्या एका गाण्यात मी हलगीला कांड्या दिल्या: एकेका थापेला कठड्यावर एकेक कांडी उभी. पेटीच्या लांबलेल्या सुराला कापडाचा तागा उलगडत नेला. बासला गच्चीवरून दोरीनं वर-खाली होणारी बादली, टाळाला समोरच्या खिडकीतला लागणारा-विझणारा दिवा. चारच देह. पाचवा घातला असता तर बघणाऱ्याला कुठलाच नीट धरता आला नसता.

हे सगळं शूटिंगआधी टेबलावर मांडून बघा. ‘स्टार गिटार’ची आखणी करताना गोंद्रीनं संत्री, काटे, पुस्तकं, बूट अशा वस्तू रांगेत मांडून गाण्याचा नकाशा केला होता. मी डाळीचे दाणे आणि बटणं वापरते. त्या व्हिडिओसाठी दक्षिण फ्रान्समध्ये नीम ते व्हॅलेन्स या मार्गावर गाडीतून दिवसाच्या वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा चित्रण केलं गेलं आणि मग संगणकावर इमारती, खांब, डबे गाण्याबरहुकूम बसवले. पडद्यावर तो एकच सलग प्रवास वाटतो. नकाशा आधी पक्का होता, म्हणूनच ते जमलं.

आता हिशेब, कारण इथंच बहुतेकांचं बिनसतं. एका मात्रेला किती फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं), हे काढायला सेकंदाच्या फ्रेमना ६० नं गुणा आणि मिनिटाच्या ठोक्यांनी भागा. १२० च्या लयीचं गाणं २५ फ्रेमवर घेतलं तर मात्रेला साडेबारा फ्रेम येतात. अर्धी फ्रेम कापता येत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सरसकट १३ फ्रेम धरल्या आणि मिनिटभरात चित्र गाण्याच्या २.४ सेकंद मागे पडलं. चार दिवसांचं काम पुन्हा केलं. तेच गाणं २४ फ्रेमवर घ्या, मात्रेला नेमक्या १२ फ्रेम मिळतात आणि १२ चे अर्धे, तिसरे, चौथे भागही पूर्ण पडतात, म्हणजे दुगुन, तिगुन, चौगुन (एका मात्रेत दोन, तीन, चार ठोके) सगळं बसतं. ९० च्या लयीला २४ फ्रेमवर १६ येतात. १०० ची लय असेल तर २५ फ्रेमच बऱ्या, मात्रेला १५. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. मोबाइलवर घेत असाल तर फोकस, उजेड आणि रंग तिन्ही लॉक करा.

वस्तू एकेक करून वाढत जाताना दाखवायच्या असतील तर व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकी रॉक जोडीचा ‘द हार्डेस्ट बटन टू बटन’ (२००३) बघा. ठोका पडतो आणि नवा ड्रमसेट उगवतो. त्यासाठी एकसारखे ३२ ड्रमसेट आणले होते. रांग आधी पूर्ण मांडायची, शेवटच्या सेटवर एक ठोका चित्रित करायचा, तो सेट उचलायचा, मग त्याच्या आधीच्या सेटवर ठोका घ्यायचा, असं मागे मागे येत जायचं. एडिटिंगमध्ये क्रम उलटा केला की सेट वाढत गेलेले दिसतात. कांड्यांसाठी मी हीच रीत वापरली. एकेक मांडत गेलात तर प्रत्येक वेळी रांग डोळ्यांनी सरळ करावी लागते. आधी सगळ्या मांडून एकेक उचलत गेलात तर रांग पहिल्यापासून सरळच असते, फक्त उचलताना शेजारचीला धक्का लागू द्यायचा नाही.

कायली मिनोगच्या ‘कम इंटू माय वर्ल्ड’मध्ये (२००२) गायिका पॅरिसलगतच्या एका चौकाला फेरी मारून मूळ जागी येते आणि तिथं दुसरी कायली तिच्याबरोबर निघते. पुढच्या फेरीला तिसरी, मग चौथी. रस्त्यावरची माणसंही तशीच वाढत जातात. मला हे आवर्तन वाटतं: फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं आणि प्रत्येक वेळी काही जास्त घेऊन यायचं. तिथं कॅमेऱ्याची हालचाल संगणकानं तंतोतंत पुन्हा पुन्हा केली होती. आपल्याकडे ते यंत्र नाही, आणि वेगवेगळ्या फेऱ्या एडिटिंगमध्ये एकावर एक बसवायच्या आहेत, म्हणून कॅमेरा तिवईवर पक्का बांधा. जमिनीवर खडूनं वाट आखा, प्रत्येक फेरीची वाट वेगळी, एकमेकींना न कापणारी. १२० च्या लयीत आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं होतं. फेरी आठ आवर्तनांची धरा, म्हणजे ३२ सेकंदांत माणूस समेवर परत हवा. स्पीकरवर गाणं लावून मोठ्यानं मात्रा मोजत चालायला सांगा. सगळ्या फेऱ्या पंधरा-वीस मिनिटांत उरका, ऊन सरकलं की सावल्या खोटेपणा सांगतात. दुपारी बाराच्या आसपास सावल्या आखूड असतात, तेव्हा हे सोपं जातं.

एडिटिंग झालं की परीक्षा घ्यायची. आवाज बंद करा आणि ज्यानं गाणं कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला व्हिडिओ दाखवा. त्याला काही विचारू नका, फक्त त्याच्या हाताकडे बघा.

हलगीचं ते गाणं मी आईला असंच दाखवलं. पहिल्या आवर्तनात ती नुसती बघत होती. दुसऱ्यात तिचं बोट ताटाच्या कडेवर पडायला लागलं, बरोबर कांड्यांवर. पाचव्यात ते मध्येच थांबलं.

“अगं, हितं धोटा अडकला बघ,” ती म्हणाली.

मी वही काढली. पाचव्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेला टिंब होतं, कठड्यावर कांडी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाराला गच्चीवर गेले, सगळी रांग पुन्हा मांडली आणि शेवटच्या कांडीपासून उचलायला सुरुवात केली.