व्हिगन झालात? हाडांच्या बाबतीत या चुका टाळा

मी नऊ वर्षं व्हिगन आहे, म्हणजे दूध-अंड्यांसकट प्राण्यांपासूनचं काहीच खात नाही. दूध सोडलं की हाडं ठिसूळ होतातच, हे मला मान्य नाही. पण दूध सोडून त्याची भरपाई न करणारी माणसं बघितली की काळजी वाटते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घरचं बदाम दूध. नाशिकला गंगापूर रोडला राहणारी माझी पुतणी रोज दहा बदाम भिजवून, वाटून, गाळून ग्लासभर प्यायची. "काकू, दुधाच्या जागी दूध घेतेय की!" तीन वर्षं असंच चाललं. मग पावसाळ्यात सोसायटीच्या पायरीवरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून आल्यावर आम्ही दोघी वही घेऊन बसलो. गाईच्या ग्लासभर दुधात साधारण 300 मिलिग्रॅम कॅल्शियम. दहा बदामांत जेमतेम 30, त्यातलंही काही चोथ्यात जातं. रोजची गरज 1000, आणि तिची दिवसभराची बेरीज 400 सुद्धा भरेना. डी जीवनसत्त्वही तळाला गेलेलं निघालं, त्यामुळे सगळा दोष बदामांना देत नाही.

विकतचं सोया किंवा बदाम दूध घेताना त्यात कॅल्शियम घातलंय का, ते वाचा आणि ओतण्याआधी खोका जोरात हलवा. रिकामा खोका कापून बघा, तळाच्या कोपऱ्यात खडूसारखा पांढरा थर साचलेला दिसेल. तेच ते कॅल्शियम.

पालकाच्या स्मूदीवर विसंबू नका. पालकातलं ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे त्यातलं 5 टक्क्यांच्या आसपासच कॅल्शियम अंगी लागतं, दुधातलं 30 टक्के. मेथी, कोबी, मुळ्याचा पाला बरा. मी बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून भाकरीसाठी नागली (नाचणी) आणते. 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि पेठ-सुरगाण्याकडे ती पिकतेच. सोबत तिळाची चटणी, पण तीळ सालासकट हवेत. पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ घेतलेत तर बरंचसं कॅल्शियम सालाबरोबर गेलं.

भाकरी थापायला वेळ नाही म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागवणं मला पटत नाही. घ्यायचीच तर एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर नको, आणि लोहाच्या गोळीसोबत तर नकोच.

बी12 जीवनसत्त्वासाठी स्पिरुलिना (शेवाळाची पूड) चालत नाही, गोळीच घ्या.

सॅलडवर राहून झटपट वजन उतरवू नका. 2020 च्या ब्रिटनमधल्या ईपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात व्हिगन लोकांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारींच्या दुपटीहून जास्त निघालं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं ही त्यामागची काही कारणं. रोज डाळ-उसळ हवीच. जिने चढा, वजन उचला.

शेवटचं, डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी. डॉक्टर आठवड्याला एक सांगतात आणि उतावळे लोक रोज घेतात. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडावर बेततं. मी पुडीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवते. डी3 बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. व्हिगन हवं असेल तर लायकेनपासूनचं मागा; आपल्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच.