पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही: नव्याने जोडलेल्या पीसीचा पहिला बूट

सगळे पार्ट जोडून झाले, बटण दाबलं आणि काहीच घडलं नाही. किंवा पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच राहिली. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ हे मनात पहिल्यांदा येतं, आणि बहुतेकदा ते खरं नसतं. नव्या जोडणीत पार्ट मुळात खराब निघण्यापेक्षा एखादा कनेक्टर अर्धवट बसलेला असणं कितीतरी जास्त वेळा सापडतं. म्हणून पार्ट परत पाठवायचा विचार करण्याआधी एवढंच ठरवा की मशीन कुठपर्यंत पोचतंय. वीजच येत नाही? वीज येते पण डिस्प्ले नाही? की डिस्प्ले येतो, पण ऑपरेटिंग सिस्टीम चढत नाही? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल आणि सेटिंग एकदम हलवलंत आणि मशीन चालू झालं, तरी दोष कुठे होता ते कळत नाही, आणि तो पुन्हा डोकं वर काढतो.

बटण दाबून काहीच होत नाही

एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा स्विच उभ्या रेघेकडे हवा, गोलाकडे नको. हे वाचायला बाळबोध वाटेल, पण सुरुवात इथूनच करायची. मशीन बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. बऱ्याच बोर्डांवर त्यामुळे एखादा लहान दिवा लागलेला दिसतो. तो दिसला तर वीज बोर्डापर्यंत आली आहे असं समजा.

मग २४ पिनचा मोठा प्लग बघा. हा प्लग नवीन असताना फार कडक जातो आणि ‘बसला’ असं वाटून हात थांबतो. बोर्डाची ती कड खालून बोटांनी धरून प्लग सरळ दाबा. प्लगवरचा खटका सॉकेटच्या ओठावर अडकला पाहिजे. बाजूने पाहिल्यावर प्लग आणि सॉकेटमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट दिसत असेल तर तो बसलेला नाही.

यानंतरही शांतता असेल तर कॅबिनेटच्या बटणाची वायर तपासा. पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी एक पिन सरकून लागल्या की बटण मेल्यासारखं वागतं. पॉवर बटणाच्या वायरीला उलटसुलट नसतं, एलईडीच्या वायरींना असतं. खात्री करायची सोपी रीत अशी: बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना नेमक्या कुठल्या ते पाहा, तिथली वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोनच पिना क्षणभर जोडा. मशीन चालू झालं तर बोर्ड ठीक आहे, गडबड बटणाच्या बाजूला आहे.

मशीन सेकंदभर चालू होऊन पटकन बंद पडत असेल तर शॉर्टचा संशय घ्यावा. बोर्डाखाली जे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खुंट) लावतो, त्यातला एखादा जिथे बोर्डाला भोकच नाही अशा जागी राहिला की तो मागच्या सोल्डरिंगला टेकतो. एखादा स्क्रू बोर्डामागे पडून राहिला तरी तेच. अशा वेळी एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबा.

इथेच एक कळकळीची सूचना. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच केबली वापरा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपन्यांमध्ये, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असते. प्लग व्यवस्थित बसतो, पण चुकीच्या पिनवर चुकीचा व्होल्टेज जातो आणि डिस्क कायमची जळते. एसएमपीएस उघडून आत बघायचं तर कधीच नाही, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज उरतो.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात.

पहिलं काम म्हणजे थांबणं. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या बूटला मदरबोर्ड रॅमचं ‘ट्रेनिंग’ करतो, म्हणजे त्या स्टिकांशी कोणत्या टायमिंगवर नीट बोलता येतं ते चाचपून बघतो. यात काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी असते. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर हे विशेष जाणवतं. मध्येच मशीन बंद केलंत तर सगळं पहिल्यापासून. घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटं हात न लावता बसा.

तेवढ्या वेळात मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहून घ्या. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. उलट कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ते ‘जी’वाल्या मॉडेलांतच असतं. ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरवर मदरबोर्डच्या पोर्टातून डिस्प्ले कधीच येणार नाही.

आता बोर्डाचा डावीकडचा वरचा कोपरा. तिथे प्रोसेसरचा ८ पिनचा वीजपुरवठा असतो आणि कूलरमागे लपल्यामुळे सर्वांत जास्त विसरला जातो. तो नसला तरी पंखे फिरू शकतात, म्हणून फसगत होते. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनचा प्लग दिसायला तसाच, पण तो ६ आणि २ असा फुटतो. प्रोसेसरचा ४ आणि ४ असा. केबलवर नाव छापलेलं असतं, ते वाचा आणि न जाणारा प्लग दाबून घालू नका. दोन सॉकेट असतील तर सुरू व्हायला साधारणपणे एक पुरतो.

बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. मशीन ज्या टप्प्यावर अडतं तो दिवा लागून राहतो. पहिल्या बूटला डीरॅमचा दिवा काही मिनिटं लागलेला असणं हे ट्रेनिंगच असतं. नंतरही तो हटत नसेल तर रॅमकडे वळा.

रॅम बसवताना खटका वाजला म्हणजे झालं असं समजू नका, कारण काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो आणि दुसरी बाजू निव्वळ दाबावर राहते. वीज पूर्ण बंद करा, स्टिक काढा, खाच जुळवा आणि आधी एक टोक, मग दुसरं टोक अंगठ्याने जोर लावून दाबा. बसलेल्या स्टिकचे सोनेरी संपर्क स्लॉटबाहेर दिसत नाहीत आणि वरची कड स्लॉटला समांतर असते. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिका प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. तपासणीसाठी एकच ठेवा, दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी तिथेच लावून बघा. एखाद्या ठरावीक स्लॉटवर दोन्हींपैकी एकही स्टिक चालत नसेल तर कूलरचे स्क्रूही बघा: एका बाजूला जास्त आवळले गेले की प्रोसेसरचे काही संपर्क सुटतात आणि रॅमचं एक चॅनेल गायब होतं.

सीपीयूचा दिवा अडला असेल तर दोन शक्यता आधी तपासा. एक, बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) प्रोसेसरपेक्षा जुनं असणं. इंटेलच्या १२व्या पिढीच्या काळात आलेल्या बोर्डांना १३व्या पिढीचा प्रोसेसर ओळखायला बायोस अपडेट लागतो. बोर्डाला मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न चालताही हे करता येतं: एफएटी३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह, कंपनीने सांगितलेलंच फाइलचं नाव, आणि त्यासाठी राखलेला यूएसबी पोर्ट. दिवा लुकलुकत असताना वीज जाऊ देऊ नका. दुसरी शक्यता सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनांची. टॉर्च तिरकी धरून बघा. सगळ्या पिनांची चमक एकसारखी दिसते, वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी चमकते.

मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणा: वीज काढा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना दहा सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ हा बटण सेल काही मिनिटं काढून ठेवा.

एवढ्यानेही जमलं नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचं बाहेरचं आवरण वीज वाहू शकतं. प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि दोन वीज-प्लग. ग्राफिक्स कार्ड फक्त प्रोसेसरला ग्राफिक्स नसेल तर. इथे चालू झालं तर दोष कॅबिनेटमधला आहे, नाही झालं तर उरलेल्या तीन-चार पार्टांपैकी एक. आता मात्र पार्ट अदलाबदल करून बघण्याला अर्थ येतो.

बायोस दिसलं

इथून पुढे सोपं आहे. ‘सीपीयू फॅन एरर’ आली तर कूलरची वायर कॅबिनेट फॅनच्या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या जागी) गेलेली असते, ती सीपीयू फॅनच्या हेडरवर लावा. बायोसमध्ये तापमान झपाट्याने ९० अंशांकडे चढत असेल तर लगेच बंद करा. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिलेली असते.

‘बूट करायला डिव्हाइस नाही’ हा संदेश चांगला आहे, कारण बाकी सगळं चालतंय. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावा. विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई एसएसडी दिसत नसेल आणि बायोसला दिसत असेल, तर इंटेलच्या बोर्डावर ‘व्हीएमडी’ (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) बायोसमध्ये चालू आहे का बघा. तो बंद करा किंवा इन्स्टॉलरला त्याचा ड्रायव्हर द्या. हे इन्स्टॉल करण्यापूर्वीच ठरवा, नंतर बदललं तर विंडोज बूट होणार नाही.

रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं तयार सेटिंग) सगळ्यात शेवटी चालू करा. ते केल्यावर पुन्हा एकदा लांबलेलं ट्रेनिंग होईल, आणि मशीन दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू झालं तरी घाबरू नका. त्यानंतर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. एक जरी चूक दाखवली तरी प्रोफाइलचा वेग एक पायरी खाली आणा आणि फेरा पुन्हा लावा.