गाभण मेंढीला फॅटी ॲसिड द्यायचे, पण कधी आणि कसे?

तेलाची बाटली उचलून खुराकात ओतायची, असा हा सोपा कारभार नाही. मेंढीच्या कोटीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले जिवाणू तेलातल्या ओमेगा-3 सारख्या असंतृप्त फॅटी ॲसिडचे संतृप्त चरबीत रूपांतर करून टाकतात. जास्त तेलाने चाऱ्याचे तंतू पचवणारे जिवाणूही मंदावतात. म्हणून कॅल्शियमशी बांधलेली, कोटीपोटात फारशी न बदलता पुढे जाणारी, म्हणजे बायपास चरबी वापरतात.

आधी पाकीट वाचा. पाम तेलापासून केलेली बायपास चरबी ऊर्जा देते, पण तिच्यात ओमेगा-3 नसल्यातच जमा. कोकराच्या मेंदूसाठी लागणारे डीएचए, म्हणजे ओमेगा-3 चाच एक प्रकार, मिळते ते माशाच्या तेलातून किंवा शेवाळापासून केलेल्या पूरकातून. जवसातही ओमेगा-3 असते, पण त्यातून डीएचए फारच थोडे तयार होते.

मेंढीचा गाभणकाळ साधारण 147 दिवसांचा. कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा-सात आठवड्यांत होते, तेव्हा सुरुवातही तिथूनच करा.

त्याआधी पाठीवरून हात फिरवा. कमरेच्या मणक्याची टोके बोटांना टोचत असतील तर आधी चारा आणि दाणा सुधारा; चरबी हा त्यावरचा उपाय नव्हे.

पहिल्या दिवशी दर मेंढीला 5 ग्रॅम बायपास चरबी, भरड्यात नीट कालवून. वास आवडत नाही म्हणून काही मेंढ्या तोंड फिरवतात. रागावू नका, मात्रा कमी करा. दोन आठवड्यांत 20 ग्रॅमपर्यंत जा. एकूण खुराकातली चरबी कोरड्या वजनाच्या 5 ते 6 टक्क्यांवर जाऊ देऊ नका. लेंड्या मऊ पडू लागल्या की दोन पावले मागे या. दाणा फार झाला तर कोटीपोट आंबते आणि चरबीचा कॅल्शियमशी असलेला बांध सुटतो, मग सगळा खर्च वाया.

सोबत जीवनसत्त्व ई हवेच, कारण ही आम्ले शरीरात लवकर खवट होतात. मात्रा पशुवैद्यांना विचारून ठरवा. गायींचे खनिज मिश्रण मात्र देऊ नका; त्यातले तांबे मेंढीला विषारी ठरू शकते.

प्रयोगांत डीएचए मिळालेल्या मेंढ्यांची कोकरे लवकर उठून आचळाला लागलेली दिसली आहेत. पण माशाच्या तेलाचा अतिरेक झाला की चीक कमी उतरतो. त्यामुळे व्यायल्यावर आधी कास पिळून पाहा: चीक घट्ट, पिवळसर आणि पुरेसा आहे ना? कोकराला पहिल्या सहा तासांत दर किलो वजनामागे सुमारे 50 मिलिलिटर चीक मिळायलाच हवा. नाही मिळाला तर दुसऱ्या मेंढीचा काढून पाजा.