पाणी येण्याआधीच्या आणि नंतरच्या या चुका टाळा : चिपळूणच्या बाजारपेठेतून

22 जुलै 2021 च्या पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या ओळीतल्या बऱ्याच दुकानांत माल उचलून ठेवलेला होता. हे आधी सांगतो, कारण व्यापारी गाफील राहिले असं बाहेरच्यांना वाटतं. आम्ही माल 2005 च्या पुराच्या खुणेच्या वर चढवला होता. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं.

मागच्या पुराची खूण म्हणजे हद्द नव्हे

26 जुलै 2005 चं पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी मातकट रेघ राहिली, तिच्यावर वीतभर सोडून आम्ही फळ्या ठोकल्या. सोळा वर्षं त्या फळ्यांकडे बघून निर्धास्त होतो. साखरेची पोती, चहा, सुकामेवा, सगळं तिथेच. त्या पहाटे फळी भिंतीतून सुटली आणि माल एकदमच पाण्यात गेला.

हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्र तापतोय, आणि तेच बाष्प सह्याद्रीवर येऊन कोसळतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणून जुनी रेघ पुढच्या पुराला बांधून ठेवेल या भरवशावर राहू नका. महागडा माल पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच हवा. मजला नसेल तर चार-पाच दुकानदारांनी मिळून उंचावरच्या वस्तीत चार महिन्यांपुरती एक खोली भाड्याने घ्यावी. एकट्याला ते भाडं परवडत नाही, वाटून घेतलं की परवडतं.

फक्त गावातला पाऊस बघू नका

दुकानाच्या दारात उभं राहून पावसाचा अंदाज बांधणं ही आपली जुनी खोड. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं पाणी सह्याद्रीवरून येतं, अंतर थोडं आणि उतार मोठा. कोयनेचं पाणीही वीज तयार करून कोळकेवाडीकडून याच नदीत उतरतं. आणि खालून भरती. खाडीचं पाणी चढलेलं असेल तर नदीला वाट मिळत नाही, ते पाणी मग बाजारात पसरतं. 2021 चा पूर आला तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरतीचे दिवस.

कॅलेंडर भिंतीवर असतंच. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की किनाऱ्यावरच्या भरतीचा ढोबळ तास निघतो, खाडीतून वर यायला तिला आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास रेड अलर्ट आला तर वाट बघू नका, माल हलवायला घ्या. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतही पूर येऊ शकतो, पण उधाणात हाताशी वेळ फार कमी उरतो. नदीच्या वरच्या अंगाला, पोफळी-अलोऱ्याकडे ओळखीची दोन माणसं ठेवा, जी रात्री दोन वाजताही फोन उचलतील.

किल्ली एकट्याच्या खिशात

पूर रात्री येतो. मालक घरी, कामगार खेडेगावात, रस्ता पाण्याखाली. शेजारच्याचं दुकान उंचावर असून तो उपयोगाचा नाही, कारण तुमचं शटर तो उघडणार कसं? प्रत्येक ओळीने दोन माणसं नेमावीत, त्यांच्याकडे सगळ्या किल्ल्या, आणि प्रत्येक दुकानातून आधी काय उचलायचं त्याची एका पानाची यादी. किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही, हे मला कळतं. तरी द्या.

विमा आहे, पण कशाचा?

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडाले. कर्ज घेताना बँकेने काढलेली पॉलिसी बऱ्याच जणांनी पुरानंतर पहिल्यांदा वाचली. पॉलिसीवर दुकानाचा पत्ता असतो, गोदामाचा नसतो. 1 एप्रिल 2021 पासून ज्यांची मालमत्ता 5 कोटींपर्यंत आहे त्यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे आणि तिच्यात पूर धरलेला आहे. जुनी पॉलिसी असेल तर पूर आणि वादळ वगळलंय का, ते आजच बघा.

दुसरी गोम रकमेची. माल 20 लाखांचा आणि विमा 10 लाखांचा असेल, तर 8 लाखांच्या नुकसानीला 4 लाखच हाती येतात. नव्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढे नाही. गणपतीसाठी माल भरता तेव्हा विम्याची रक्कमही वाढवा. नष्ट झालेल्या मालावरचं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, परत करावं लागतं, तेही रक्कम ठरवताना धरा.

चोपड्या भिजून लगदा झाल्या म्हणून हातपाय गाळू नका. जीएसटी पोर्टलवर 2बी विवरणात खरेदी दिसते, त्यावरून पुरवठादाराकडून बिलांच्या प्रती मिळतात.

पाणी ओसरल्यावरची घाई

पहिली गोष्ट फोटो. आम्ही सडका माल रस्त्यावर ढकलून मोकळे झालो आणि विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायला काही उरलं नाही. आधी विमा कंपनीला कळवा, पंचनामा करून घ्या, मग फेका. चिखल मात्र ओला असतानाच काढा. दोन दिवसांत तो सिमेंटसारखा बसतो, शटरच्या खोबणीतून आणि तागडीच्या सांध्यांतून खरवडून काढावा लागतो. तो गटारात लोटला तर पुढच्या सरीला तेच पाणी पुन्हा तुमच्या दारात. वीज कामगाराने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका. अनवाणी चिखलात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पुराच्या पाण्यात होतो हे सांगा.

गाळ हा सरकारचा विषय म्हणून सोडून देणं

चिपळूण बचाव समितीच्या साखळी उपोषणाला दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी सगळे बसले, तेव्हा वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्याच्या कामाला वेग आला. पण दरवर्षीच्या पुराबरोबर नवा गाळ येतो. काठावर टाकलेला गाळ पहिल्याच मोठ्या पावसात परत पात्रात जातो. म्हणून मे महिन्यात आपल्या ओळीतल्या दोघांनी नदीवर जाऊन बघावं, गाळ किती काढला आणि नेऊन कुठे टाकला, आणि ते तारखेसकट लिहून नगरपरिषदेत द्यावं.