दुर्बिणीतून पोटातली गाठ काढलीत? मग या चुका टाळा

जठरातली सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ, अगदी कॅन्सरचीही, पोट न फाडता काढता येते. जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन) या पद्धतीत अस्तराखाली द्रव टोचून गाठ वर उचलतात आणि एंडोस्कोपमधल्या (तोंडावाटे आत सोडलेल्या दुर्बिणीच्या नळीतल्या) बारीक विद्युत-सुरीने अखंड सोलून काढतात. पोटावर एकही टाका नसतो, काही दिवसांत पेशंट घरी येतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. आत मात्र काही सेंटिमीटरचा उघडा व्रण असतो. तो आधी आकसतो, मग कडेने नवीन अस्तर धरत जातं. पूर्ण भरायला साधारण ८ आठवडे लागतात.

हा व्रण बहुतेकांना फारसा दुखत नाही. बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

‘आता ॲसिडिटी नाही, मग गोळी कशाला?’ असं म्हणत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पँटोप्राझोलसारखी गोळी बंद केली जाते. ती गोळी जळजळीसाठी दिलेलीच नसते. व्रणाच्या तळाशी रक्तवाहिन्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या तोंडावर धरलेली गुठळी जठरातलं आम्ल विरघळवून टाकतं. ते आम्ल कमी ठेवणं हे त्या गोळीचं काम. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत ती घ्यायचीच. पँटोप्राझोल सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, न चावता, न कुटता गिळायची. नाश्त्यानंतर आठवण झाली म्हणून घेतलेल्या गोळीचा परिणाम कमी पडतो.

रक्तस्राव झालाच तर तो बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतो, पण दोन आठवड्यांपर्यंत आणि क्वचित त्यानंतरही होऊ शकतो. म्हणजे पेशंट घरी असताना. बाबा सकाळी संडासला जातात, शी काळी दिसते, ते फ्लश करतात आणि संकोचापोटी कुणालाच सांगत नाहीत. दुपारी उठताना चक्कर येते, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून लिंबूपाणी दिलं जातं. कृपा करून असं करू नका. रोज शीचा रंग विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते हे खरं, पण डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. रक्ताची उलटी, दरदरून घाम, अचानक पोटात असह्य कळ किंवा ताप आला तरी तेच. कळ आणि ताप हे जठराला भोक पडल्याचंही लक्षण असू शकतं.

वेदनाशामकांबाबत मला सर्वात जास्त धास्ती केमिस्टकडून परस्पर आणलेल्या गोळ्यांची वाटते. पाकिटावर पॅरासिटामॉल वाचून आपण निर्धास्त होतो, पण त्याच गोळीत डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं आणि तेच व्रणाला घातक. गुडघे दुखत असतील तर नुसतं पॅरासिटामॉल, तेही विचारून.

याच्या उलट चूकही होते. हृदयात स्टेंट असलेला पेशंट रक्तस्रावाच्या भीतीने ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी मनानेच थांबवतो. त्यातून हार्ट ॲटॅक येऊ शकतो. कधी थांबवायचं आणि कधी सुरू करायचं, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर सोबत ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल टाळतात, तेव्हा सगळ्या गोळ्या दाखवा.

खाण्याचं फार अवडंबर नको. सुरुवातीला पेज, मऊ वरणभात, मग हळूहळू रोजचं जेवण. दारू, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री मात्र बंदच.

बायोप्सीचा रिपोर्ट हॉस्पिटलातून न आणणं हीदेखील मोठी चूक. गाठ कडेने आणि खोलीतही पूर्ण निघाली का, हे त्यातच कळतं. जठरात राहून कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या. कोरियातल्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशीच गाठ काढलेल्या आणि मग जंतूवर उपचार घेतलेल्यांपैकी ७.२ टक्के लोकांना जठराचा कॅन्सर नव्याने झाला, न घेतलेल्यांपैकी १३.४ टक्के. हा जंतू शोधणाऱ्या श्वासाच्या तपासणीआधी आम्ल कमी करणारी गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पण व्रण भरत असताना त्यासाठी गोळी स्वतःहून सोडू नका, तारीख डॉक्टरांकडून घ्या.

गाठ जठराच्या तोंडाशी किंवा खालच्या दाराशी असेल, तर व्रण भरताना तो भाग आकसून अरुंद होऊ शकतो. काही आठवड्यांनी घास अडकू लागला किंवा जेवलेलं उलटून पडू लागलं, तर अपचनाचं चूर्ण देत बसू नका. एंडोस्कोपीतून फुग्याने तो भाग रुंद करता येतो.